पांढरं जातं, सांगायचं कुणाला?

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्माला आलं, की नवजात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर तपास सुरू होतो. आत पेटीत हजार-अकराशे ग्रॅमचा जीव. नाकात नळी, टाचेवर सुईचे टिपके, कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या शिरा दिसाव्यात. आणि बाहेर उलटतपासणी. पपई खाल्ली असेल. हंडा उचलला असेल. एसटीनं माहेरी गेली, तरी मी नको म्हणत होते! ग्रहण तर पाळलंच नव्हतं. सगळा रोख बाळंतिणीवर. तिच्या अंगावरून कित्येक आठवडे पांढरं जात होतं, त्याला वास येत होता, ही गोष्ट मात्र तिथे निघत नाही. तिनंही ती कुणाला सांगितलेली नसते.

खरं तर या तपासात जरा खोल जायचं, तर तिथूनच जावं लागेल. 1892 साली आल्बर्ट डॉडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनिस्रावात आम्ल तयार करणारे काडीसारखे जिवाणू वर्णन केले. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दह्यातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद, पण जात वेगळी. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यावर हे जिवाणू पोसतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. त्या आंबट वस्तीत बाकीच्यांचा सहसा टिकाव लागत नाही. ही राखण ढिली पडली, की गार्डनरेलासारखे इतर जिवाणू बळावतात. पातळ, करडट, मासळीसारख्या वासाचा स्राव ही त्याची खूण. पण कितीतरी जणींना काहीच जाणवत नाही.

बऱ्याच बायकांच्या बाबतीत प्रकरण तिथेच थांबतं आणि बाळंतपण वेळेवर होतं. काहींच्या बाबतीत मात्र जिवाणू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात आणि गर्भपिशवीच्या पडद्यापर्यंत पोचतात. शरीर लढायला उठतं, दाह होतो, प्रोस्टाग्लँडिन वाढतात, पडदा कमकुवत होतो. सातव्या महिन्यात पाणी जातं नाहीतर कळा सुरू होतात. बाळ ज्या पाण्यात असतं तेच पाणी गिळत असतं. त्यामुळे काही बाळं जन्मतानाच जंतुसंसर्ग घेऊन येतात आणि पहिल्या तीन दिवसांतच रक्तदोषानं गंभीर होतात. जन्माआधीच्या या दाहाचा संबंध पुढे कोवळ्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या इजेशीही जोडला गेला आहे.

2019 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या गर्भवतींचा अभ्यास करून, हाच धागा पकडला. ज्या अवेळी बाळंत झाल्या, त्यांच्यात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही जात कमी होती आणि स्नेथिया, प्रिव्होटेला अशी मंडळी जास्त. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं 2018 मध्ये दाखवलं, की अवेळी पाणी जाण्याचा आणि बाळाच्या जंतुसंसर्गाचाही या बिघडलेल्या वस्तीशी संबंध आहे. पाणी गेल्यावर दिलं जाणारं एरिथ्रोमायसिन काही जणींमधले उरलेसुरले चांगले जिवाणूही घालवून बसतं, हेही त्यांना दिसलं.

मग इलाज सोपा, आधीच गोळ्या द्या, असं कुणालाही वाटेल. वैद्यकालाही वाटलं होतं. फ्रान्समध्ये जिवाणूंच्या वस्तीत असा बिघाड असलेल्या, पण एरवी जोखीम नसलेल्या गर्भवतींना सुरुवातीच्या महिन्यांत क्लिंडामायसिन देऊन पाहिलं. 2018 मध्ये निकाल आला तेव्हा अवेळी बाळंतपणं काही घटली नव्हती. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पाणी न जाता नुसत्या अवेळी कळा आल्या म्हणून अँटिबायोटिक दिलेल्या बायकांच्या मुलांमध्ये, सातव्या वर्षी पाहिलं तर, सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण उलट जास्त निघालं. 2011 मधला आणखी एक अभ्यास तर सांगतो, की कसलाही त्रास नसलेल्या अमेरिकेतल्या सुमारे चौथा हिस्सा बायकांमध्ये लॅक्टोबॅसिलसचं राज्य नव्हतंच. म्हणजे एका प्रयोगशाळेच्या कागदावरून कुणाच्या गर्भाचं भविष्य वाचता येत नाही. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. पपईच्या जागी आता जिवाणू आणून बसवायचे आणि बोट पुन्हा आईकडेच रोखायचं, ही वाट तरी त्यामुळे बंद होते.

उरतो प्रश्न सांगण्याचा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. ते निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, त्यात जननमार्गाच्या संसर्गांचा वाटा मोठा. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. आता दवाखाने वाढले, सोनोग्राफी गावोगाव झाली, पण तपासणीच्या टेबलापाशी सासू आणि नवरा उभे असताना ‘खाली वास येतो’ हे तीन शब्द आजही तोंडातून फुटत नाहीत. मग ती औषधाच्या दुकानातून जाहिरातीतला वॉश आणते, आत पाणी मारून धुते आणि जे आम्ल तिची राखण करत होतं तेच वाहून जातं.

गरोदरपणात थोडं पांढरं जास्त जाणं स्वाभाविक आहे, त्यानं घाबरू नये. वास आला, खाज सुटली, लघवीला जळजळ झाली, ताप आला, तर डॉक्टरांना किंवा आशाताईला सांगावं. पाणी गेल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना गाठावा. मनानं अँटिबायोटिक घेऊ नये, आतून धुऊ नये, दह्याचे घरगुती प्रयोगही नकोत. आणि तिच्याबरोबर तपासणीला जाणाऱ्यांना एक विनंती: पाच मिनिटं बाहेर थांबा. तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या.