चारी दिशांचा संघ

कान्हेरीच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचायला मी निवृत्तीनंतर शिकले. कल्याणचा सोनार, सोपाऱ्याचा व्यापारी, एखादी भिक्षुणी अशी माणसं त्यांत भेटतात. कुणी पाण्याचं टाकं दिलं, कुणी कातळात खोली कोरवली, कुणी चीवरासाठी कायमची ठेव ठेवली. दान घेणारा मात्र पुन्हा पुन्हा तोच दिसतो: चारी दिशांहून येणारा भिक्षुसंघ. खोली कुणा एकाच्या मालकीची नाही. पावसाळा तिथे काढायचा आणि पुढे चालू लागायचं.

आता तिथे भिक्षू नाहीत, वटवाघळं आहेत. टॅफोझस वंशातली मी तासन्‌तास पाहिली आहेत. ती छताला लोंबत नाहीत. डोकं खाली करून, पोट भिंतीला टेकवून बसतात आणि माणसाची चाहूल लागली की खेकड्यासारखी आडवी सरकतात. अगदी गडद काळोखही त्यांना लागत नाही, लेण्याच्या तोंडाजवळचा अंधूक उजेड चालतो.

चारी दिशा त्यांच्याही आहेत. एम्बॅलोन्युरिडी हे त्यांचं कुळ, पन्नासहून अधिक जातींचं: आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं, मेक्सिको ते ब्राझील. ॲमेझॉनकाठची एक जात पाण्यावर झुकलेल्या खोडाला ओळीनं चिकटून दिवस काढते. टॅफोझसचं वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जोफ्र्वा यांनी 1818 साली केलं, ते इजिप्तच्या प्राचीन वास्तूंत मिळालेल्या वटवाघळांवरून.

मग ज्याला दान दिलं तो निघून गेल्यावर ते दान कुणाचं? चारी दिशांत पशुपक्षीही आले, असं म्हणण्याचा मोह मला होतो, पण ते पटत नाही. संघात येणारा समजून-उमजून घर सोडतो, व्रत घेतो. वटवाघळानं काहीच सोडलेलं नाही. त्याला भिक्षू ठरवणं भाबडेपणाचं आहे, शिवाय त्याच्यावर अन्यायही. त्याच्या जगण्याचा हक्क विरक्तीवर का अवलंबून असावा?

प्रश्न आपल्याबद्दल विचारायला हवा. त्या खोलीत राहणाऱ्यावर पहिलं बंधन होतं ते प्राणिमात्राला न मारण्याचं. दाते गेले, भिक्षू गेले, म्हणून ते बंधन सुटलं का? मला तसं वाटत नाही. ज्याला नियम कळतो त्याला तो लागू होतो. वटवाघूळ किडे खाऊन जगणार, त्याला दोष नाही. मला मात्र नियम कळतो. पावित्र्य राखायचं म्हणून धूर करून त्यांना हुसकावणाऱ्यांना मी एवढंच विचारते: इथलं पावित्र्य आलं कुठून? नुसत्या छिन्नीनं ते आलेलं नाही, इथे राहणाऱ्यांच्या वागण्यातून आलं.

लेण्यात जाल तेव्हा भिंतीवर टॉर्च मारू नका, आवाज घुमतो का पाहायला टाळ्या वाजवू नका. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. ते तिच्या अंगाला बिलगलेलं असतं, आणि ती दचकून उडाली तर खाली पडू शकतं.