सापळा, विष आणि सदसद्विवेक

भुईमूग भरू लागला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत सारे रान नांगरल्यासारखे उलथून टाकतो. हरभरा घाट्यांवर आला की रोह्यांची टोळी त्यात शिरते. आणि जे धान्य ह्या सर्वांतून वाचून घरी येते, त्याच्या कणगीस उंदीर भोक पाडतो. अशा समयी शेतकऱ्याच्या हाती फास, विष अथवा विजेची तार येते, व त्यासरशी एक प्रश्नही उभा राहतो: ह्या जीवांस मारणे ख्रिस्ती मनुष्यास उचित आहे काय, आणि असल्यास कोणत्या रीतीने?

ह्याविषयी आमच्या मंडळ्यांत दोन मते आढळतात. कित्येक म्हणतात, देवाने मनुष्यास पशूंवर धनीपण दिले आहे, तेव्हा त्यांचे काय करावे हा धन्याचा प्रश्न. दुसरे कित्येक, शेजाऱ्यांची अहिंसा पाहून, उंदीर मारला तरी मनात कचरतात. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत.

प्रथम दुसऱ्या मताचा विचार करू. पीक राखणे हे पाप नव्हे. शलमोनाच्या गीतरत्नात द्राक्षमळे नासणाऱ्या कोल्ह्यांस धरण्याची आज्ञा आहे. आणि ज्याच्या घरी लेकरे उपाशी निजतात त्यास उंदरांवर दया करण्याचा उपदेश करणे ही दया नव्हे. उंदीर केवळ धान्यच खातो असे नाही. 1896 साली मुंबईत ग्रंथिज्वराची साथ आली व पुढे ती गावोगाव पसरली; उंदरांच्या अंगावरील पिसवांनी तो रोग मनुष्यांस जडतो, हे सिमाँ नामक फ्रेंच वैद्याने 1898 साली कराचीत प्रयोगाने दाखविले. तेव्हा घरातील उंदरांचा बंदोबस्त करणे हे शेजाऱ्यावरील प्रीतीचेच एक काम होय.

परंतु पहिले मतही टिकत नाही. धनीपण म्हणजे कारभारीपण. आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. पक्ष्याचे कोटे सापडल्यास पिले घ्यावी पण आईस जाऊ द्यावे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांत आहे. निनवेवर दया करण्याची कारणे योनास सांगताना देवाने तेथील गुराढोरांचाही उल्लेख केला. जो चिमणीस विसरत नाही, त्याच्या दृष्टीआड कोणताही सापळा लावता येत नाही.

आता ह्या विषयाचे मर्म निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे असे आम्हास वाटते. कोणी खड्डा खणून तो झाकला नाही, आणि त्यात दुसऱ्याचा बैल अथवा गाढव पडून मेला, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी, असा तेथे नियम आहे. त्या मनुष्याने बैलाचे वाईट चिंतिले नव्हते; तरी तो दोषी ठरतो. कारण खड्ड्यास डोळे नसतात. फासास, विषास व तारेसही नसतात. बंदूक धरणारा समोर कोण आहे हे पाहू शकतो; फास लावणारा घरी जाऊन निजतो, आणि त्यात रानडुक्कर सापडेल, की शेजाऱ्याची शेळी, की बिबट्या, हे त्याच्या हाती राहत नाही. केरळात 2020 सालच्या मे महिन्यात एका गाभण हत्तिणीने स्फोटक भरलेले फळ खाल्ले, तिचा जबडा फुटला, व ती नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. ते आमिष रानडुकरांसाठी मांडले होते असे तपासात दिसून आले. खांबावरून चोरून वीज घेऊन कुंपणात सोडणाऱ्यांची गोष्ट तर ह्याहून भयंकर. त्या तारेस पहाटे बांधावरून जाणारा मनुष्य व रानडुक्कर सारखेच. आणि मेलेला मनुष्य पुष्कळदा लावणाऱ्याचा भाऊबंदच असतो. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी आहे. त्यातील झटका क्षणमात्र असतो. तो जनावरास परतवितो, मारीत नाही.

ह्यापुढे कायद्याचा विचार येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार ह्या शब्दाचा अर्थ केवळ गोळी घालणे एवढाच नाही. फासात धरणे, सापळा लावणे, आमिष घालणे, विष घालणे, व तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. म्हणून सशासाठी वाघूर लावणे, तित्तिरासाठी फासकी मांडणे, घोरपड धरणे, हे सर्व गुन्हे आहेत. परंतु तोच कायदा शेतकऱ्यास विसरलेला नाही. रानडुक्कर अथवा रोही ह्यांसारखा प्राणी उभ्या पिकास घातक झाला आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, कारणे नमूद करून त्यास मारण्याचा लेखी परवाना देता येतो. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे अर्ज करून, पंचनामा झाल्यावर भरपाई मागण्याचीही सोय आहे.

येथे कोणी म्हणेल, “अर्ज करावा, पंचनाम्याची वाट पाहावी, तोवर पीक राहते कोठे? शहरात बसून नियम करणाऱ्यांचे काय जाते?” हे गाऱ्हाणे खोटे नाही, आणि त्याची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. विलंबाने गरिबाचेच पोट मारले जाते. तथापि दुसऱ्याने आपले कर्तव्य उशिरा केले म्हणून वाटेवर उघडा खड्डा ठेवण्याची मुभा आपणास मिळत नाही. आणि येथेच मंडळीचे काम सुरू होते. जो उपदेशक फास लावू नका असे सांगतो, पण निरक्षर बांधवास अर्ज लिहून देत नाही, तो दुसऱ्यावर ओझे लादून त्यास स्वतः बोटही लावीत नाही. पाच-सात घरांनी मिळून पाळीपाळीने रात्रीची राखण करावी; अर्ज एकेकट्याने न करता गावाने मिळून करावा; विधवेच्या शेतावर प्रथम माचाण बांधावे. एकमेकांची ओझी वाहणे ते हेच.

उंदरांविषयी वन्यजीव कायदा आड येत नाही. परंतु 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात मनुष्यावाचून प्रत्येक जिवंत प्राण्यास प्राणी म्हटले आहे, व उंदीर त्यातून वगळलेला नाही. म्हणून उपायांचा क्रम विवेकाने लावावा. प्रथम धान्य पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून उंच ठेवावे, घरातील भोके बुजवावी, व शेताचे बांध अरुंद व स्वच्छ राखावे. रुंद बांधात बिळे फार होतात. धामण व गव्हाणी घुबड ह्यांस मारू नये. ते उंदीर खातात, व त्यांस कायद्याचे संरक्षणही आहे. घुबड अशुभ, ही भीती ख्रिस्ती घरात राहू नये. घुबडास रात्री बसावयास शेतात काठ्या रोवाव्या. आमचे कातकरी बांधव बिळे खणून उंदीर धरतात. ती विद्या विषाहून निर्मळ आहे, आणि बिळात साठविलेले धान्यही हाती येते.

एवढ्याने न भागल्यास सापळा लावावा. सापळा असा असावा की त्याचा चाप एका झटक्यात जीव घेईल. पिंजरा लावल्यास तो सकाळ-संध्याकाळ पाहावा. उन्हात विसरलेल्या पिंजऱ्यात प्राणी तहानेने मरतो. सापडलेल्यास बुडवून अथवा रॉकेल ओतून मारणे हे बंदोबस्ताचे काम नव्हे, ती क्रूरता होय. चिकट पुठ्ठ्यांवर उंदीर तासन्‌तास तडफडतो व त्यांत चिमण्या आणि सरडेही अडकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2011 व 2020 साली त्यांच्या वापराविरुद्ध राज्यांस लिहिले आहे.

विष हा शेवटचा उपाय होय. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिळून विषारी वायू करते, व त्यावर उतारा नाही. उंदीर नवीन अन्नास भितो, म्हणून दोन-तीन दिवस साधे आमिष घालून मग विषाचे घालावे, नाहीतर तो चाखून सावध होतो. ते बिळाच्या आतच घालावे, उघड्यावर टाकू नये; सर्व गावाने एकदाच घालावे, कारण एका शेतातून हाकललेला उंदीर दुसऱ्या शेतात राहतो. मेलेले उंदीर खोल पुरावे, जेणेकरून ते कुत्र्या-मांजरांच्या व घुबडांच्या तोंडी जाणार नाहीत. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या निजण्याच्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांच्या वायूने मनुष्येही मरतात.

हा विषय लहान आहे असे कोणी समजू नये. शमशोनाने आपला राग काढण्यासाठी तीनशे कोल्ह्यांच्या शेपट्यांस मशाली बांधल्या. त्यात पलिष्ट्यांचे धान्य जळाले, आणि त्याची फळे मागाहून त्याच्या सासुरवाडीने भोगली. क्रूरता जेथे सोडली तेथेच थांबत नाही. पिंजऱ्यातील उंदरास जळताना पाहून हसणारे मूल उद्या दुबळ्या मनुष्याशी कसे वागेल, ह्याचा बापाने विचार करावा.

म्हणून बंधुभगिनींनो, रात्री शेतात काही मांडण्यापूर्वी स्वतःस चार प्रश्न विचारा. ह्याची खरोखर गरज आहे काय? हे कायद्यास धरून आहे काय? ह्यात सापडणारा जीव विनाकारण तडफडेल काय? आणि ज्यास मी धरू इच्छीत नाही असा कोणी ह्यात पडेल काय? चारही उत्तरे निर्मळ असतील, तर आपले पीक राखा व निश्चिंत मनाने निजा. एक जरी उत्तर झाकून ठेवावेसे वाटले, तर उजाडण्याची वाट न पाहता उठून तो सापळा काढून टाका.