उत्तर पुन्हा लिहा

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. सरकारी कर्मचाऱ्यांना कामावरून का काढतात, या प्रश्नाला सगळ्यांनी एकजात एकच उत्तर खरडलंय: तिजोरीवरचा भार. गाइडमधून उतरवलंत ना? आणि उद्या तुम्हीच अधिकारी होऊन अशा आदेशांवर सह्या करणार!

तमिळनाडूचं उदाहरण मी फळ्यावर लिहून दिलं होतं. मक्कळ नल पणियाळर, म्हणजे गावपंचायतींतले लोककल्याण सेवक. १९८९ मध्ये द्रमुक सरकारने शालान्त परीक्षा झालेल्या सुमारे २५ हजार बेरोजगारांना नेमलं. १९९१ मध्ये अण्णाद्रमुक आला, सगळे घरी. १९९७ मध्ये द्रमुकने परत घेतलं, २००१ मध्ये अण्णाद्रमुकने परत काढलं. २००६ मध्ये पुन्हा कामावर. मे २०११ मध्ये सत्ता पालटली आणि नोव्हेंबरात तेरा हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर. तिजोरी नेमकी निकालानंतरच रिकामी होते का? तारखा शेजारी शेजारी मांडून बघायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत.

मागच्या बाकावरून आवाज आला, 'ती पक्षाचीच माणसं, गेली तर बिघडलं काय?' उभा राहा. १९८९ ला बावीस वर्षांचा असलेला मुलगा २०११ मध्ये चव्वेचाळीसचा झाला. शालान्तच्या दाखल्यावर त्या वयात त्याला कोण नोकरी देणार? त्याच्या मुलांची फी कुठला पक्ष भरणार होता? आणि नेमणारेही साव नव्हेत. रीतसर भरती करून नियमित पदं दिली असती, तर राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण मिळालं असतं. ठोक पगारावर ठेवलं, म्हणजे मान कायम सत्तेवर असेल त्याच्या हातात.

कायम नोकरीवालेही सुटले नाहीत. जुलै २००३ मध्ये संप केला म्हणून अण्णाद्रमुकच्या जयललिता सरकारने सुमारे पावणेदोन लाख कर्मचारी एका फटक्यात बडतर्फ केले. बहुतेकांना सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर परत घेतलं. मे २००४ मध्ये लोकसभेच्या राज्यातल्या सगळ्या ३९ जागा गेल्या आणि काही दिवसांत उरलेल्या कारवायाही मागे घेतल्या. दहा महिन्यांत शिस्तीची गरज संपली होती का?

वह्या टेबलावर आहेत, घेऊन जा. आदेशाची तारीख, निकालाची तारीख आणि काढलेल्या माणसाचं वय, असे तीन रकाने आखा आणि उत्तर नव्याने लिहा. सोमवारी तपासणार. ज्याच्या वहीत गाइडमधलं एक वाक्य जरी दिसलं, त्याने वर्गात बसायचं नाही.