मरणाची साक्ष कोणी द्यावी?

काशीत राहून मृत्यूविषयी लिहिणे म्हणजे गंगेकाठी पाणी विकणे होय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांचे आयुष्य दाखल्यांत आणि नोंदवह्यांत जाते अशा आम्हां सरकारी नोकरांपुढे मणिकर्णिकेच्या चिता पाहताना निराळाच प्रश्न उभा राहतो : अमुक मनुष्य मरण पावला, असे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

डॉक्टरचा, हे सरळ उत्तर. तथापि १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने त्या अधिकाराला एक मार्मिक अट घातली. मृत्यूच्या कारणाचा दाखला अखेरच्या आजारात ज्याने उपचार केले त्याच डॉक्टरने, फी न घेता, आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे द्यावयाचा. म्हणजे नुसती पदवी पुरत नाही. रुग्णाचा सहवास घडलेला हवा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू ठरविण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ नेमले; त्यातही उपचार करणाऱ्याची जागा राखली.

पण काशीत कित्येक जण औषधासाठी नव्हे, मरणासाठीच येतात. मुक्तिभवनासारख्या वास्तूत त्यांच्या उशाशी डॉक्टर नसतो. मुलगा असतो, सून असते. कायद्याला हेही ठाऊक आहे. धर्मशाळेत मृत्यू घडल्यास खबर देण्याचे कर्तव्य त्याने तेथील व्यवस्थापकावर टाकले आहे. कारण सांगण्यास विद्या लागते. मरण घडले एवढे सांगण्यास जवळ असणे पुरते.

मग आप्तांचीच साक्ष सर्वांत खरी मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. येथून फार दूर नसलेल्या आझमगड जिल्ह्यातील लालबिहारी या शेतकऱ्याला जमिनीच्या दप्तराने मृत ठरविले आणि त्याची जमीन नातलगांच्या नावे चढली. जिवंतपणी स्वतःच्या नावापुढे ‘मृतक’ लावून तो वर्षानुवर्षे झगडला. १९९४ साली दप्तराने त्याला पुन्हा जिवंत केले. तेथे डॉक्टर नव्हता, मृत्यू नव्हता. होता केवळ स्वार्थ आणि एका लेखणीचा फटकारा.

तात्पर्य, मरणाच्या साक्षीदाराच्या ठायी तीन गोष्टी असाव्यात : ज्ञान, सान्निध्य आणि निःस्वार्थता. पहिली महाविद्यालयात मिळते, दुसरी उशाशी बसून. तिसरी मात्र कोणताही कायदा देऊ शकत नाही. फी घेऊ नये, एवढेच तो बजावू शकतो. मेलेला मनुष्य आपल्याविषयीच्या नोंदीला हरकत घेण्यास येत नाही. म्हणूनच ती नोंद करणारा, मग तो डॉक्टर असो वा आमच्यासारखा कारकून, त्याचा अखेरचा ऋणी असतो.