पट्टेरी पिल्लू

धामणीचं पिल्लू पट्टेरी असतं. पुढच्या अंगावर फिकट आडवे पट्टे. वय वाढेल तसे ते पुसट होतात आणि काळी जाळी उरते ती मागं, शेपटीकडं. आमच्याकडं वैरणीच्या गंजीतल्या मोठ्या धामणीला अभय असायचं. "उंदरं खाती, ऱ्हाऊ दे." (म्हशीचं दूध पिते म्हणणारेही होते, ते सोडा.) तिचंच पिल्लू अंगणात निघालं की मात्र काठी! पट्टा दिसला म्हणजे मण्यार. मण्याराची भीती खोटी नाही. भुईवर निजलेल्या माणसाला रात्री चावतो तो. पण मग धामणीला अभय दिलं ते तिच्या जीवाला, का उंदरांच्या हिशेबाला? मला तर ती दया वाटत नाही, मजुरी वाटते. पिल्लाला ती कोण देणार? ते अजून बेडकांवरच जगत असतं.