देवालाही शेज लागते




आज विषय झोपेचा घेतो आहोत. सत्संगात झोपेचं नाव निघालं की लोक हसतात, कारण भजनात डुलक्या घेणारे दोन-चार जण प्रत्येक गावात असतातच. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडे कमी झोपणं हीच मोठी साधना समजली जाते. "आम्ही तं बाप्पा चारच तास झोपतो" असं कोणी म्हटलं की बाकीचे हात जोडतात, आणि जो सात-आठ तास झोपतो त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. हे आम्हाला पटत नाही, आणि शास्त्रालाही पटत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ध्यानाचा मार्ग सांगतात, तेव्हा खाण्याची आणि झोपेचीही गोष्ट काढतात. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. त्याच श्लोकात पुढं फार जागणाऱ्यालाही साधत नाही असं सांगितलं आहे, ते मात्र सोयीनं विसरलो.

आपल्यातले कितीतरी जण वारीला जातात. पंढरपुरात रोज रात्री शेजारती होते, देवाला निजवतात, आणि पहाटे काकड आरतीनं उठवतात. आषाढीला गर्दी वाढली की देवाचा पलंग काढला जातो आणि चोवीस तास दर्शन सुरू राहतं. तेवढे दिवस विठुराया झोपत नाही. पण पुढं काय होतं हे पाहायला वारकरी थांबत नाही, तो परतीच्या गाडीत बसलेला असतो. यात्रा उलगडली की प्रक्षाळपूजा होते. देव उभा राहून थकला म्हणून त्याला गरम पाण्यानं स्नान घालतात, शीण जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. भक्तासाठी देवानं जागरण केलं, पण त्या जागरणाची भरपाई पुजाऱ्यांनी नेमानं करून दिली. आता आपल्या घरात पाहा. जागरण करणारे आहेत, त्यांची प्रक्षाळपूजा कोण करतो?

लांब कशाला जायचं, आपल्या सौंसरजवळच जामसावळी आहे. ज्या मारुतीरायानं समुद्र ओलांडताना मैनाक पर्वतानं देऊ केलेला विसावा घेतला नाही, नुसता हात लावून पुढं गेला, तोच मारुती इथं पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. काम हाती होतं तेव्हा विसावा नाही, काम झाल्यावर खुशाल आडवं व्हायचं. आम्ही तरी त्या मूर्तीकडं पाहून असंच समजतो.

आता ब्राह्ममुहूर्ताचा हिशोब मांडू. सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटं, तिथून तो लागतो. सूर्य सहाला उगवला तर साधारण साडेचारच्या सुमाराला. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. मग साडेचारला उठायचं असेल तर साडेनऊला डोळा लागला पाहिजे. वंदनीय राष्ट्रसंतांनी पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना लावून दिली, ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर अख्खा अध्याय दिला. सायंप्रार्थना झाली की दिवस आवरता घ्यायचा, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आपण काय करतो? प्रार्थना झाली की जेवण, मग मालिका, मग मोबाईल, बारा वाजता दिवा बंद, आणि साडेचारचा गजर. ध्यानाला बसतो आणि बसल्या जागी घोरतो.

अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडू लागते, त्यानं शरीराला रात्र झाल्याचं कळतं. डोळ्यांपुढं मोबाईलचा उजेड धरला की ते उशिरा सुटतं. शरीराच्या या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. म्हणजे शेजारती आणि काकड आरतीच्या वेळा पाळणारे आपले पूर्वज अडाणी नव्हते बरं.

पोट्ट्यांबद्दल एक सांगायचं आहे. दहावी-बारावीची मुलं रात्री उशिरापर्यंत टक्क जागी असतात आणि सकाळी उठत नाहीत, म्हणून घरोघरी कटकट चालते. त्या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढं सरकतं, त्यात सगळा दोष पोराचा नाही. त्याला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, त्यामुळं पेपरच्या आदल्या रात्री जागवून आपण त्याचंच नुकसान करतो. मोबाईल मात्र काढून घ्या, त्यात हयगय नको. आणि स्वतःचाही ठेवा, नाहीतर पोरगं ऐकणार नाही.

ज्यांना जागावंच लागतं त्यांचं काय? संत्र्याच्या बगीच्याला ओलीत करायचं तर लाईन रात्रीची येते. थंडीत दोन वाजता मोटर सुरू करायला जाणारा शेतकरी हौसेनं जागत नाही. बोरगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा, माल घेऊन नागपूरच्या कळमन्याला जाणारा ड्रायव्हर, हेही नाही. अशांना ब्राह्ममुहूर्ताचं प्रवचन ऐकवू नये. त्यांच्यासाठी घरानं काम करायचं. तो सकाळी येऊन झोपला की खोलीला जाड पडदा लावा, टीव्हीचा आवाज बंद ठेवा, दार वाजवणाऱ्याला बाहेरूनच परत पाठवा. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे दारू प्यायलेल्यासारखे मंद चालतात, आणि तीही आपल्या कायद्यात गाडी चालवताना चालते त्याहून जास्त प्यायलेल्यासारखे. रात्रभर ओलीत करून सकाळी लगेच फटफटी काढणाऱ्याला घरच्यांनी अडवावं. दोन तास झोपू द्या, मग जाऊ द्या.

आणि आता जे खरं बोलायचं होतं ते. कीर्तनात ऊर्मिलेची गोष्ट सांगतात. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, लोककथेतली आहे. लक्ष्मण वनवासात चौदा वर्षं जागला, कारण त्याच्या वाट्याची झोप ऊर्मिलेनं अयोध्येत घेतली. जिनं ही गोष्ट रचली तिला (आम्हाला ती बाईच असावी असं वाटतं) एक पक्कं ठाऊक होतं, की झोपेचं देणं बुडत नाही, कोणीतरी ते फेडतंच. आपल्या घरात उलटं झालं. सगळे झोपतात आणि ऊर्मिला जागते. सर्वांत शेवटी ताटं घासून आडवी होणारी सून, आणि सर्वांत आधी उठून सडा घालणारीही तीच. मधे लेकरू दोनदा उठतं. कोणाची पूजा, कोणाचा डबा. महिनोन् महिने असं चाललं की चिडचिड होते, विसरायला होतं, बीपी आणि शुगर मागं लागते. मग आपण म्हणतो, सून तापट आहे. तिला अंगारा नको, दोन तास झोप पाहिजे. सासूबाईंनी सकाळचा चहा मांडला, भाऊंनी लेकराला घेऊन अंगणात फेरी मारली, तर ती सेवा नाही का?

घोरण्याचंही सांगून टाकतो. मोठ्यानं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घोरता घोरता श्वास अडकतो, माणूस दचकतो, आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, असं घरात कोणाचं होत असेल तर डॉक्टरला दाखवा. झोपेच्या गोळ्या मनानं दुकानातून आणू नका. संध्याकाळनंतरचा चहा मात्र डॉक्टरला न विचारता सोडता येतो.

आपल्या ग्रुपबद्दल ठरलं आहे ते असं: रात्री नऊनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कोणीही सुप्रभात, सुविचार, भजनाचा व्हिडिओ पाठवू नये. पहाटे ध्यानाला उठणाऱ्यांनी जरूर उठावं, ग्रुपला उठवू नये. आजारपणाचा किंवा दुःखाचा निरोप असेल तर थेट फोन करावा.

जयगुरू.