डॉगरीजचा खुंट

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीला एकाच मार्च महिन्यात दोन पत्रं आली. पहिलं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचं. द्राक्षशास्त्रात एम.एस.ला प्रवेश मिळाला होता, पण पैशाची मदत शून्य. दुसरं फ्रान्समधल्या माँपेलिएचं. युरोपातल्या काही विद्यापीठांनी मिळून चालवलेला द्राक्षशास्त्राचाच अभ्यासक्रम, आणि सोबत युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती. फी माफ, वर दोन वर्षं महिन्याला १,४०० युरो.

दिवस बेदाण्याचे होते. शेडमध्ये रॅकवर माल वाळत होता, तासगावच्या सौद्यांना पेट्या पाठवायची घाई होती. तरी बातमी गावभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. गावानं ऐकलं ते एवढंच : पोरगी अमेरिकेला चालली.

मुलीचं मनही तिकडेच होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकताना द्राक्षावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की डेव्हिसचं नाव यायचंच. थॉम्पसन जातीचे मणी फुगवायला आपल्याकडे घड जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिडात बुडवतात, त्या जीएवरचं सुरुवातीचं मोठं काम १९५० च्या दशकात डेव्हिसच्याच वीव्हर यांनी केलेलं. माँपेलिएला तिनं अर्ज केला होता तो एका मैत्रिणीच्या आग्रहानं, शेवटच्या आठवड्यात.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी बँक गाठली. दोन वर्षांचा खर्च ऐंशी लाखांच्या घरात जात होता. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, आणि शैक्षणिक कर्जाला शेतजमीन चालत नाही. मग सांगलीतला एनए प्लॉट आणि राहतं घर, असं ठरलं. वडील घरी आले ते खुशीत. पोरीसाठी घर गहाण टाकायला मागंपुढं न पाहणारा बाप म्हणून चार लोकांनी त्यांची पाठ थोपटली होती. (आपल्याकडे कर्ज काढणाऱ्या बापाचं कौतुक होतं, आकडेमोड करणाऱ्याला कंजूष म्हणतात.)

तात्या, म्हणजे आजोबा, यावर काहीच बोलले नाहीत. बोलले ते एप्रिलात, खरड छाटणी चालू असताना, तेही नातीनं विचारलं म्हणून.

"तात्या, तुम्हाला काय वाटतं?"

"मला त्या दोन गावांतलं एकपण ठावं न्हाई. मला खुंट तेवढा कळतो."

त्यांच्या खुंटाचा किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. नव्वदच्या दशकात विहिरीचं पाणी खारट होत गेलं, आटतही गेलं, आणि तात्यांची स्वतःच्या मुळावरची थॉम्पसनची बाग पिवळी पडू लागली. त्यांनी ती उपटली आणि डॉगरीजची रोपं लावली. डॉगरीज ही टेक्सासची रानवेल. तिचं फळ कोणी तोंडात धरत नाही. गाव हसलं. पण तिचं मूळ खारट पाण्याला आणि पाण्याच्या ताणाला दाद देत नाही. पाऊसकाळाच्या शेवटी तात्यांनी तिच्यावर थॉम्पसनच्या काडीचं पाचर कलम केलं, आणि ती बाग अजून उभी आहे.

"खुंट निवडताना फळ बघत न्हाईत," तात्या म्हणाले. "जमीन बघायची, पाणी बघायचं. फळ काडीचं असतंय. काडी तू हायस."

"म्हणजे माँपेलिए डॉगरीज आणि डेव्हिस थॉम्पसन?"

"आसं कुटं म्हणालो मी? तू शिकलेली. तूच बघ."

सांगणाऱ्यानं इथं थांबावं हे फार कमी वडीलधाऱ्यांना जमतं. तात्या कात्री घेऊन पुढच्या ओळीत गेले.

त्या रात्री मुलगी खुंटांविषयी वाचत बसली. परीक्षेपुरतं तिला माहीत होतंच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. १८६८ मध्ये ती कीड मुळांवर शोधून काढली माँपेलिएच्या प्लाँशाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी. उपायही अमेरिकेतूनच आला : तिथल्या रानवेलींच्या मुळांवर युरोपातल्या जातींची कलमं. टेक्सासच्या डेनिसन गावातले मन्सन अशा वेली हुडकत हिंडले, आणि १८८८ मध्ये फ्रेंच सरकारनं त्यांचा मोठा सन्मान केला. तात्यांच्या बागेतली युक्ती याच घराण्यातली.

दुसरी गोष्ट तिनं आजवर नीट वाचली नव्हती. कॅलिफोर्नियात फायलोक्सेरावर उपाय म्हणून डेव्हिसच्या तज्ज्ञांनी एएक्सआर-१ नावाच्या खुंटाची शिफारस केली होती. त्याचं उत्पन्न दणदणीत, म्हणून नापा आणि सोनोमाच्या बागायतदारांनी तो डोळे झाकून लावला. पण त्याच्यात निम्मं रक्त युरोपीय वेलीचं, म्हणजे किडीपुढं कच्चं. इतर देशांत तो आधीच फसला होता. १९८० च्या दशकात नापातही कीड मुळांवर चढली आणि बागाच्या बागा उपटाव्या लागल्या.

यावरून डेव्हिस वाईट ठरत नाही. चुका मोठ्या संस्थांच्याही होतात. पण मुलीच्या मनातली एक गाठ सुटली. ज्या नावासाठी ती घर गहाण ठेवायला निघाली होती, ते नाव तिनं कधी तपासलंच नव्हतं. आणि ज्या गावाला ती दुय्यम समजत होती, तिथे तिच्याच विषयाची दीडशे वर्षांची मुळं होती.

तरी निकाल लागला तो इतिहासानं नाही, हिशेबानं. तिनं वहीत आकडे मांडले. शिकत असतानाही व्याज चढणार. पदवीनंतर वर्षभरानं हप्ता सुरू होईल तेव्हा तो महिन्याला लाखाच्या वर जाईल, पंधरा वर्षं. तिला पुढे काय करायचं होतं? मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात डावणी रोगावर काम. तिथल्यासारख्या प्रकल्पात कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे डेव्हिसला गेल्यावर मांजरीला परत येता येणार नव्हतं. डॉलरमध्ये कमवावंच लागणार, त्यासाठी तिथंच राहावं लागणार, आणि राहायला मिळणं एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीवर. पुढची पंधरा वर्षं काय करायचं हे तिच्याआधी कर्जानंच ठरवून टाकलं होतं.

राहुरीच्या तिच्या सरांना तिनं फोन केला. सर म्हणाले, "फुकट म्हणून हुरळू नकोस. शिष्यवृत्तीच्या अटी वाच. बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली १९१३ मध्ये, महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी करायचा करार. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परत यावं लागलं. पुन्हा गेले ते १९२० मध्ये, सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, मित्राची उसनवारी आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. आणि डी.एस्सी. मिळवलीच."

"म्हणजे सर, आवडत्या विद्यापीठासाठी कर्ज काढावं?"

"म्हणजे अटी वाच, एवढंच. पुढचं तू काढतेयस."

तिनं अटी वाचल्या. दोन देशांत शिकणं सक्तीचं, परत येऊन कुठं नोकरी करायचं बंधन नाही. शिवाय अभ्यासक्रम इंग्रजीत, म्हणजे फ्रेंच बाजारहाटापुरती शिकली तरी भागणार.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही धंद्यांत नावालाच पैसा असतो. मोठ्या बिझनेस स्कूलची पदवी कर्ज काढून घेणारा पोरगा चार-पाच वर्षांत ते फेडतो, कारण त्याला दार उघडतं ते त्या नावामुळंच. तिथं फुकटची दुय्यम जागा घेणं महागात पडू शकतं. डावणीला मात्र पदवी कुठली ते कळत नाही.

डेव्हिसला उत्तर द्यायची मुदत पंधरा एप्रिलची. तिच्या आदल्या दिवशी तिनं नकार कळवला. वडील दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. त्यांना पैसे वाचल्याचा आनंद नव्हता, आपण कमी पडलो असं वाटत होतं. त्यात सौद्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "अमेरिकेचं फिसकटलं व्हय?" सुरुवातीला ते समजावून सांगायचे. मग नुसतं "फ्रान्स" म्हणायचे. गावाचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

ती ऑगस्टअखेर गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, बागा फुलोऱ्यात असताना, पाच दिवस पाऊस लागला. मणीगळ झाली, घडकूज झाली, उरलेल्यावर डावणी उतरली. औषधांचे पैसेही निघाले नाहीत. तालुक्यात अशी वर्षं येतात, नवल नाही. पण त्या वर्षी ज्यांची घरं तारण होती त्यांनी ती कशी राखली, हे वडिलांनी जवळून पाहिलं. तेव्हा कुठं त्यांनी बँकेतून कर्जाची ती फाईल परत आणली आणि कपाटात टाकली.

दोन वर्षांनी पदवी झाली. तिच्यापुढं पुन्हा दोन वाटा होत्या : मांजरीतल्या प्रकल्पात तात्पुरती जागा आणि बोर्दोच्या एका रोपवाटिकेत खुंटांच्या चाचण्यांचं काम. घरच्यांना वाटलं, पोरगी आता येणार. तात्यांनी तर शेजारच्या पट्ट्यात तिच्यासाठी नवी लागण धरायचं मनात घेतलं होतं.

तिनं बोर्दो घेतलं. तीन वर्षांसाठी. व्हिडिओ कॉलवर तिनं सगळं सांगितलं : तिथं एकाच शेतात कितीतरी खुंट शेजारी शेजारी लावून तपासतात, क्षार, ताण, कीड, सगळं, आणि हे मला हातानं शिकायचंय. पगार बरा आहे, पण त्यासाठी नाही. नंतर मांजरीला येईन. नाही आले तर तेव्हा सांगेन.

तात्या जरा वेळ गप्प राहिले. मग फोन मुलाच्या हातात देत म्हणाले, "बघ. जमीन-पाणी बघायला मीच शिकवलं, आता ही माझंच रान सोडून दुसऱ्याचं बघतीया."

"मग आणा की बोलावून," वडील म्हणाले.

"कशापायी? कर्ज हाय का तिच्यावर?"